यादवी म्हणायची तर यादव हवेत

विचारणा अशी आहे: चीनमध्ये तांग घराणे ९०७ साली बुडाले आणि ९६० साली सोंग घराणे आले. मधल्या धामधुमीला मराठीत 'यादवी' म्हणावे की 'अराजक'?

मला इथे दोन्ही शब्द खटकतात. यादवी आली मौसलपर्वातून. प्रभासक्षेत्री यादवांनी एरका गवत उपटले, त्याची मुसळे झाली आणि त्यांनी आपल्याच माणसांना ठेचले. मारणारा नि मरणारा एकाच कुळातला, हा त्या शब्दाचा जीव आहे. कुठल्याही देशांतर्गत युद्धाला यादवी म्हणायची आता रूढी आहे आणि ती चूक नाही. पण चीनच्याच इतिहासात या शब्दाला याहून चपखल जागा आहे. जिन घराण्याचा सम्राट सिमा यान याने २८० साली वू राज्य जिंकून चीन एकछत्री केला आणि भाऊबंदांना जहागिरी व फौजा दिल्या. २९० साली तो वारला. गादीवर आलेला मुलगा मंदबुद्धीचा! २९१ ते ३०६ या काळात आठ राजपुत्र सत्तेसाठी झुंजले, आठही सिमा कुळातले. त्या झुंजीत राज्य इतके खिळखिळे झाले, की ३११ मध्ये उत्तरेकडच्या शिओंग्नू लोकांनी राजधानी लोयांग लुटली. ही खरी यादवी. तिला भाऊबंदकी म्हटले तर बांधावरचे भांडण वाटेल.

९०७ नंतर लढले ते शिरजोर झालेले लष्करी सुभेदार. तांगांना पदच्युत करणारा चू वन मुळात बंडखोरांच्या फौजेतला. पुढच्या पाच घराण्यांपैकी तीन तर शातो तुर्कांची. इथे कूळ एक कुठे आहे?

अराजक म्हणजे राजा नसणे. इथे राजे उदंड होते! उत्तरेत ५३ वर्षांत पाच घराणी झाली, तिथे 'बेबंदशाही' शोभते. दक्षिणेत मात्र वू-युए राज्यात राजा छ्येन ल्यू हांगचौला भरतीचे पाणी अडवायला बांध घालत होता. त्याला बेबंद म्हणणे अन्यायाचे होईल.

म्हणून सबंध काळासाठी मी चिनी नावच मराठीत आणीन: 'पाच घराणी, दहा राज्ये'. जोडीला एक शब्द हवाच असेल तर 'फाटाफूट'. फक्त ती ९६० साली संपली असे लिहू नका. दहा राज्यांतले शेवटचे, उत्तरेकडचे हान राज्य सोंगांच्या हाती पडले ९७९ मध्ये.