राजवाड्याची ढाळज

रत्नागिरीच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. शाळेची मुलं थिबा राजवाडा पाहायला न्यायची आहेत, त्यासाठी माहितीचा कागद लिहायचाय. दारातून आत शिरल्यावर जे पहिलं दालन लागतं, त्याला मराठीत काय म्हणावं? सहकाऱ्यांनी 'लॉबी' आणि 'दिवाणखाना' असे दोन शब्द सुचवलेत.

दिवाणखाना मुळीच नको. हल्ली कुठल्याही जुन्या वास्तूत झुंबर आणि दोन कोरीव खुर्च्या दिसल्या की लोक दिवाणखाना म्हणून मोकळे होतात. दिवाणखाना म्हणजे बसून कामकाज आणि बोलणी करायची जागा. ती वाड्याच्या आत, बहुधा माडीवर असते. दारातच कसला दिवाणखाना? लॉबीबद्दल बोलायचीही गरज नाही.

'पडवी' आणि 'ओटी' हे आपले कोकणातले शब्द मला प्रिय आहेत, पण ते घराचे. खळ्यातून पडवीत, पडवीतून पायरी चढून ओटीवर. १८८५ साली राज्य गमावलेल्या ब्रह्मदेशच्या राजासाठी इंग्रज सरकारने १९१० साली उभा केलेला तीन मजली वाडा ओटी-पडवीत मावत नाही.

त्याला शब्द आहे ढाळज. काही जण ढेलज म्हणतात. दरवाजातून आत आलं की लागणारी छपराखालची जागा. दोन्ही अंगांना बसायला कट्टे, भिंतीत कोनाडे, आणि आलेला माणूस कोण ते कळेपर्यंत त्याला तिथेच थांबवायचं. माझी आजी साताऱ्याकडची. लग्न होऊन इकडे आली तरी आमच्या पडवीला शेवटपर्यंत ढाळजच म्हणत राहिली. "पाहुण्यांना ढाळजेत बसवलंय, पाणी ने" हे वाक्य अजून माझ्या कानात आहे.

आता हा शब्द आला कुठून? 'छपराला ढाळ असतो म्हणून ढाळज' असं ठामपणे सांगणारे भेटतात. मग ढेलजचं काय करायचं? आणि ढाळ तर गोठ्याच्या छपरालाही असतो, त्याला कोणी ढाळज म्हणत नाही. दुसरा पक्ष संस्कृत 'देहली'कडे बोट दाखवतो. पण देहली म्हणजे उंबरठा. देहलीदीपन्यायातला दिवा उंबरठ्यावर असतो म्हणून तर आत-बाहेर दोन्हीकडे उजेड पडतो. उंबरठ्यावर पाहुणे बसवतात का?

ढाळज म्हणजे फारसी 'दहलीज'. हिंदीत तिचा उंबरठा झाला. मराठीने मात्र मूळ अर्थ, म्हणजे दारामागचं दालन, जपून ठेवला. याच्याही मागे गेलं की प्राचीन फारसीतला 'दुवर्थि' भेटतो, आणि तो आपल्या 'द्वार'चा सख्खा भाऊबंद. इराणात पर्सेपोलिसला सम्राट झर्क्सिसने इ. स. पूर्व पाचव्या शतकात बांधलेली भव्य वेस आहे. तिच्यावरच्या कोरीव लेखात तो तिला 'दुवर्थिम् विसदह्युम्' म्हणतो, सर्व देशांचं द्वार. त्यातलं 'विस' म्हणजे आपलं 'विश्व'. आजी ज्या शब्दाने पडवीत पाहुणे बसवायची, त्याचा पूर्वज तिथे दगडात कोरलेला आहे!

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. फारसीत हृदयाच्या वरच्या कप्प्याला 'दहलीज'च म्हणतात, कारण रक्त आधी तिथे येतं. लॅटिनमधलं 'एट्रियम' हेही मुळात घराचं पुढचं दालन. आणि आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याच कप्प्याला 'अलिंद' म्हणतात. संस्कृतात अलिंद म्हणजे घराच्या दारापुढचा ओटा! रक्ताला आधी दारात थांबवून मग आत सोडायचं, ही कल्पना तिन्ही भाषांना घरावरूनच सुचली. बाई, मुलं वरच्या वर्गातली असतील तर हे त्यांना जरूर सांगा. अलिंद आणि निलय पाठ करताना त्यांना यातलं काहीच कोणी सांगत नाही.

राजवाड्याचं राहिलंच. खाली 'ढाळज' लिहा आणि कंसात 'प्रवेशदालन' द्या. पहिल्या मजल्यावरच्या संगमरवरी फरशीच्या दालनालाही कोणी दिवाणखाना म्हणेल, तेही खोडा. ते नाचघर आहे.