स्टॉल उभारण्याआधी तो मोडायचा कसा ते ठरव

गोव्यात ताळगावच्या स्टेडियमवर प्रदर्शनातला पहिला स्टॉल करतोयस, म्हणून सांगतो. रेंडर (स्टॉलचं संगणकावरचं चित्र) छान झालाय, पण प्रदर्शन संपल्या रात्री तो सुटा कसा होणार, ते आधी कागदावर काढ. आयोजक हॉल रिकामा करायला एक रात्र देतात. प्लायला खिळे, गोंद आणि लॅमिनेट मारलंस की सुतार पहार घालतो आणि सगळं कचऱ्यात जातं. नट-बोल्ट वापर, प्रत्येक तुकड्यावर नंबर घाल.

तीन बाय तीन मीटरची जागा असेल तर भाड्याची ॲल्युमिनियम चौकट घे, पॅनल एक मीटरची येतात. ती कंटाळवाणी दिसते, मान्य, पण खर्च समोरच्या भागावर कर. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) नको, आपल्या दमट हवेत कडा फुगतात. बांबू चालेल, पण प्रक्रिया केलेलाच, नाहीतर भुंगा लागून पीठ गळतं. माटोळी (गोव्यात गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधणारी माणसं दोरीच्या गाठी अशा मारतात की वजन पेलतं आणि नंतर सुटतंही. गावातलाच एखादा जण कामाला घे. झावळ्या सुंदर दिसतात, पण सुकल्यावर चटकन पेटतात. दिव्यांपासून लांब ठेव, अग्निशमन दलाला आधीच विचार.

फ्लेक्सऐवजी कापड छाप. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर, म्हणजे प्लास्टिकचे फ्लेक्स, १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. जाड चालतो म्हणून तोच घेऊ नकोस. कापडावर वर्ष आणि प्रदर्शनाचं नाव छापू नकोस, म्हणजे पुढच्या वर्षीही तेच लावता येईल.