प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पहिल्यापासून?

वाचकांचे प्रश्न : बालविकास आणि पुनर्वसन

पाठीचा कणा नीट न मिटता जन्मलेल्या मुलांच्या घरांतून गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. डॉक्टर या दोषाला स्पायना बायफिडा म्हणतात आणि त्यातील गंभीर प्रकाराला मायलोमेनिन्गोसील. त्यांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राला मी सर्वाधिक जागा दिली आहे, कारण त्यातील प्रश्न थोड्याफार फरकाने जवळजवळ प्रत्येक आईने विचारला होता.

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची आहे. जन्मल्यानंतर दुसऱ्याच दिवशी तिच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली, तिसऱ्या आठवड्यात डोक्यात पाणी साठल्यामुळे शंट, म्हणजे ते जादा पाणी वाहून नेणारी झडपेची नळी, बसवला आणि अकराव्या महिन्यात तो बंद पडल्याने बदलावा लागला. वाकड्या पावलांसाठी आधी दर आठवड्याला प्लास्टर झाले. पावले पुन्हा वळल्यामुळे आता दोन्ही पायांची शस्त्रक्रिया होऊन सहा आठवडे मांडीपर्यंत प्लास्टर होते. त्याआधी ती कॉटचा कठडा धरून उभी राहू लागली होती. प्लास्टर निघून दहा दिवस झाले, पण आता ती आधाराशिवाय दोन मिनिटेही बसत नाही. फिजिओथेरपिस्टने चौदा व्यायाम लिहून दिले आहेत आणि सतरंजी अंथरली की ती रडू लागते. दर वेळी कमावलेले असेच वाहून जाणार का? ती कधी चालेल का? आणि मी तिची आई उरले आहे की नुसती व्यायाम करवून घेणारी बाई?

उत्तर : आधी एक सावधगिरीची सूचना, कारण तुमच्या मुलीचे प्लास्टर नुकतेच निघाले आहे. अनेक आठवडे वजन न पडलेली हाडे ठिसूळ होतात आणि या मुलांना पायांत वेदना कमी जाणवते किंवा जाणवतच नाही, त्यामुळे व्यायाम करवताना किंवा लंगोट बदलताना पाय जोरात ओढला गेला तरी हाड मोडू शकते आणि मूल रडतही नाही. मांडी किंवा गुडघा सुजलेला, लाल आणि हाताला गरम लागला, अंगात थोडा तापही असला, तर जंतुसंसर्ग समजून नुसते औषध सुरू करू नका. त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्या. पुढचे काही आठवडे पायाचे सगळे व्यायाम अगदी हलक्या हाताने करा आणि पायांवर किती भार द्यायचा हे अस्थिरोग शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. प्लास्टरच्या सहा आठवड्यांत स्नायूंची ताकद जाते. पण मेंदूने शिकलेली गोष्ट, म्हणजे तोल कुठे सांभाळायचा, हात कुठे टेकवायचा, कठडा धरून वर कसे यायचे, ही सहसा जात नाही. म्हणूनच पहिल्यांदा उभे राहायला ज्या मुलाला आठ महिने लागले, ते प्लास्टरनंतर तीच गोष्ट पुष्कळदा काही आठवड्यांत परत मिळवते. तरीही तुमच्या पत्रातील एक गोष्ट मी तशीच सोडून देणार नाही. पायांच्या प्लास्टरमुळे उभे राहणे जाणे समजू शकते, आणि जड प्लास्टरच्या आधाराने बसायची सवय झालेले मूल ते निघाल्यावर काही दिवस डगमगते, हेही खरे; पण दोन-तीन आठवड्यांत बसणे परत येण्याची चिन्हे दिसली नाहीत, किंवा ती नेहमीपेक्षा मलूल वाटली, तर न्यूरोसर्जनकडून शंट तपासून घ्यायला हवा.

शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा आजारपण यांमुळे मूल मागे गेले तर ते अपेक्षित असते आणि त्याला वेळ द्यायचा असतो. यांपैकी काहीही घडलेले नसताना मूल मागे गेले, तर मात्र थांबायचे नसते. काल येत असलेले आज येईनासे होणे, पावलाचा आकार पुन्हा बदलणे, लघवीच्या सवयीत अचानक फरक पडणे, पाठ दुखणे, ही शंट बिघडल्याची किंवा मज्जारज्जू जुन्या व्रणाला चिकटून ताणला जात असल्याची लक्षणे असू शकतात. हा फरक ओळखता यावा म्हणून एक साधी वही ठेवा. तीत वयाप्रमाणे काय यायला हवे याचा तक्ता नको. फक्त तारीख, केलेली कृती आणि ती किती आधाराने केली एवढे लिहा. ‘कमरेला दोन्ही हातांचा आधार’, मग ‘एका हाताचा’, मग ‘नुसता मांडीला हात लावून’, या तीन नोंदींमध्ये जी प्रगती असते ती तक्त्यातल्या ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ या दोन शब्दांत कधीच दिसत नाही. मी अनेक वर्षे हे काम करत आहे आणि डॉक्टरांसमोर घाबरून सगळे विसरणाऱ्या आईला अशा वहीचा जितका उपयोग होतो, तितका जाडजूड फाइलचा होताना मी पाहिलेला नाही.

चालण्याबद्दल कोणी छातीठोकपणे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणाले तर त्यांना एकच विचारा : मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद किती आहे? कण्यातील दोष जितका खाली, तितके पायांचे अधिक स्नायू काम करतात. दोष अगदी खालच्या मणक्यांत असेल तर बहुतेक मुले चालतात, भले उशिरा चालोत. कमरेच्या मधल्या मणक्यांत असेल तर कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि वॉकर किंवा कुबड्या लागतात. त्याहून वर असेल तर चाकाची खुर्ची हेच मुख्य साधन ठरते. चार-पाच वर्षांचे होईपर्यंत पहिले पाऊल टाकणारी मुले या आजारात नवलाची नाहीत. चाकाच्या खुर्चीला मात्र घाबरू नका. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हाताने चाक फिरवून स्वयंपाकघरात आईच्या मागे जाता आले, तर त्याची बुद्धी आणि धिटाई दोन्ही वाढतात आणि त्यामुळे चालण्याचा सराव मागे पडत नाही. लाकडी पांगुळगाडा, मूल धरून उभे राहू लागले असेल आणि थेरपिस्टची संमती असेल तर, उत्तम साधन आहे. बाजारात मिळणारा, मुलाला मध्ये बसवून पाय लोंबत ठेवणारा चाकांचा वॉकर मात्र घेऊ नका.

चौदा व्यायामांबद्दल माझे मत स्पष्ट आहे, आणि ते माझ्या काही सहकाऱ्यांना आवडणार नाही. ज्या घरात स्वयंपाक, नोकरी आणि दर तीन-चार तासांनी नळीने लघवी काढणे सांभाळायचे आहे, त्या घराला चौदा व्यायाम लिहून देणे म्हणजे एकही न देणे. थेरपिस्टना सांगा की या महिन्याचे तीन निवडून द्या, आणि तेही दिवसाच्या कामांत बसतील असे. तुम्ही मटार सोलत असाल तेव्हा तिला समोर बुटक्या पाटावर, तळवे जमिनीला टेकवून बसवा आणि शेंगा थोड्या उजवीकडे, थोड्या डावीकडे ठेवा. हात लांब करून शेंग घेताना तिच्या पाठीचा आणि पोटाचा जो व्यायाम होतो, तो सतरंजीवरच्या व्यायामापेक्षा कमी नसतो. उभे राहण्याची परवानगी मिळाली की देवघरातली घंटा वाजवायला तिला उभी करा. रोज अंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचे कोपर बुडवून पाहा आणि रात्री तिचे तळवे व गुडघे उजेडात तपासा, कारण रांगताना फरशीने सोलवटलेली कातडी तिला कळत नाही. आणि झोपण्यापूर्वीचा एक तास पूर्णपणे व्यायामाविना ठेवा. त्या तासात तुम्ही फक्त आई असाल.

पुढची शस्त्रक्रिया ठरेल तेव्हा प्लास्टर किती दिवस राहील, त्या काळात हात आणि पाठीचे कोणते व्यायाम चालू ठेवायचे आणि प्लास्टर निघाल्यावर कॅलिपर तयार असेल का, हे आधीच विचारून घ्या. कॅलिपरचे माप उशिरा दिल्यामुळे वाया गेलेले आठवडे मी फार पाहिले आहेत. शहरातली खासगी थेरपी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत कण्याचा हा दोष आणि वाकडी पावले दोन्ही आहेत, आणि अंगणवाडीत तपासणीला येणारे पथक मुलाला तिथे पाठवू शकते.

प्रश्न : आमच्या दीड वर्षाच्या मुलाला शंट आहे. त्याने एकदा उलटी केली तरी पत्नी शहरातल्या रुग्णालयात जायचे म्हणते, आणि तिथे पोहोचायला चार तास लागतात. दोनदा काहीच निघाले नाही. तिला कसे समजवावे?

उत्तर : समजवू नका, ती बरोबर आहे. शंट बंद पडणे ही नेहमीची गुंतागुंत आहे आणि तिची सुरुवात साध्या आजारासारखीच होते. घरातल्या इतरांनाही जुलाब-उलट्या होत असतील आणि मूल मधल्या वेळात खेळत असेल, तर आधी जवळच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवणे ठीक आहे. पण जुलाब नसताना वारंवार उलट्या, विशेषतः सकाळी उठल्यावर, जागे करूनही न उडणारी झोप, किंचाळल्यासारखे रडणे, टाळू अजून भरली नसेल तर ती फुगणे, बुबुळे खाली वळून वर पांढरे दिसणे, नळीच्या मार्गावर लाली किंवा सूज, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत कारण न सापडणारा ताप, यांपैकी काहीही दिसले तर रात्र काढायची नाही. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

दोन फेऱ्या ‘फुकट’ गेल्या असे तुम्ही म्हणता, पण त्यांतून एक मोलाची गोष्ट मिळू शकते. मूल बरे असतानाच्या सीटी किंवा एमआरआयची प्रत घरी ठेवा. पुढच्या वेळी अनोळखी डॉक्टरांना नव्या चित्राशी ताडून पाहायला ती लागते. सोबत एका कागदावर शंटचा प्रकार, तो कोणत्या बाजूला आहे, शस्त्रक्रियांच्या तारखा आणि झडप बाहेरून चुंबकाने जुळवता येणारी आहे का, हे लिहून ठेवा. ती तशी असेल तर चुंबकाची खेळणी आणि चुंबक असलेली मोबाइलची कव्हरे मुलाच्या डोक्यापासून दूर असू द्या.

थोडे विषयांतर करतो, पण तुम्ही वडील आहात म्हणून सांगावेसे वाटते. या झडपेच्या घडणीत एका वडिलांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत कुलपांच्या कारखान्यात काम करणारे जॉन होल्टर यांचा मुलगा १९५५ च्या अखेरीस कण्याचा हाच दोष घेऊन जन्मला आणि त्याच्याही डोक्यात पाणी साठले. रुग्णालयात उपचार पाहून त्यांनी घरी झडप बनवायला घेतली आणि १९५६ मध्ये शल्यचिकित्सक युजीन स्पिट्झ यांनी ती रुग्णांमध्ये बसवायला सुरुवात केली.

प्रश्न : माझ्या नातवाला हाच आजार आहे. रागाच्या भरात मी सुनेला, तू ग्रहण पाळले नाहीस, असे बोलून गेले. आता ती दुसऱ्या मुलाचा विचार करत आहे. मी तिच्यासाठी काय करू? शिवाय पुढच्या महिन्यात नातवाचा तिसरा वाढदिवस आहे; तो मोठा करावा का?

उत्तर : आजी, तुम्ही हे लिहिलेत याचा मला आदर वाटतो. गर्भाचा कणा गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटतो. म्हणजे पाळी चुकून दोनेक आठवडे होतात न होतात तोच. कितीतरी बायकांना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. त्या ग्रहणाचा, सुरीचा किंवा सुनेच्या कोणत्याही चुकीचा याच्याशी काही संबंध नाही, आणि हे तुम्हीच तिला स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे.

तिच्यासाठी करण्यासारखी गोष्ट म्हणजे दिवस राहण्याची वाट न पाहता तिला आत्ताच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेणे. आधीचे मूल या दोषाचे असेल तर फॉलिक ॲसिड नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमऐवजी दहापट, म्हणजे रोज ४ मिलिग्रॅम, आणि गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून द्यायची शिफारस आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात अशा स्त्रियांमध्ये या मात्रेमुळे दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झाले होते; धोका शून्य होत नाही, म्हणून १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफीही करावी. गोळीची नेमकी मात्रा डॉक्टरच ठरवतील. तिला मधुमेह असेल किंवा फिट्सचे औषध चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

वाढदिवस अवश्य मोठा करा, पण रबरी फुगे लावू नका. या मुलांवर लहानपणापासून वारंवार शस्त्रक्रिया होतात आणि रबरातील लॅटेक्सची तीव्र ॲलर्जी त्यांना इतरांपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात होते. फुटलेल्या फुग्याची भुकटी श्वासात गेली तरी त्रास होऊ शकतो. कागदी पताका लावा, झेंडूच्या माळा लावा, आणि पाहुण्यांनाही फुगे आणू नका असे आधीच कळवा.