हरभऱ्यातील घाटेअळीसाठी ‘नॅनो निंबोळी’ घ्यावी का?

प्रश्न: हरभरा फुलोऱ्यात आहे, शेंड्यावर बारीक अळ्या दिसतात. दुकानदार ‘नॅनो निंबोळी’ घ्या म्हणतो. महाग आहे, पण निम्म्या डोसात काम होईल म्हणतो. खरे आहे का?

उत्तर: डोसाचे आधी सांगतो. निम्मा, पाऊण असे काही करू नका. कडुनिंबाच्या औषधांत ३००, १५००, १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत घटकाचे किती भाग) अशी वेगवेगळी तीव्रता असते, त्यामुळे लेबलवर असेल तेवढेच प्रमाण.

निंबोळीतला अझाडिरेक्टिन हा घटक उन्हात लवकर निकामी होतो. सामू (पीएच) जास्त असलेल्या बोअरच्या पाण्यातही त्याचा जोर उतरतो. नॅनो प्रकारात तो अतिसूक्ष्म थेंबांत किंवा कायटोसानसारख्या नैसर्गिक पदार्थाच्या वेष्टनात बंद करतात, म्हणजे पानावर जास्त टिकतो आणि हळूहळू बाहेर पडतो. एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावून मारणारा विषाणू) फवारताना आपण राणीपाल (कपडे शुभ्र करायची पूड) घालतो तेही विषाणू उन्हापासून वाचावा म्हणूनच.

पण घटक तोच राहतो. तो अळीची भूक मारतो, कात टाकू देत नाही. फवारताच अळ्या टपाटप पडणार नाहीत. घाट्यात (हरभऱ्याच्या शेंगेत) डोके खुपसून बसलेल्या मोठ्या अळीला नॅनोही फारसे काही करत नाही. तुमच्याकडे अळ्या लहान आहेत, म्हणजे वेळ योग्य आहे.

बाटलीवर कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा नोंदणी क्रमांक, पिकाचे आणि किडीचे नाव बघा. नसेल तर परत द्या. ‘सरकारने नॅनो युरियाला परवानगी दिलीच आहे की’ असे कोणी म्हणेल. ती खत नियंत्रण आदेशाखाली आहे, कीटकनाशकाशी तिचा संबंध नाही.

नॅनो औषधासाठी थांबायची गरज नाही. ५ किलो निंबोळीचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवलेले १ लिटर पाणी मिसळा आणि एकूण १०० लिटर द्रावण करा. हा ५ टक्के अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) आणि पक्षिथांबे (अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या) लावा. ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या सापडू लागल्या तर एचएएनपीव्ही घ्या, तेही संध्याकाळीच.

नोंदणी असलेले नॅनो औषध घ्यायचेच असेल तर यंदा चार-सहा ओळींपुरते वापरा, शेजारच्या ओळींत साधा अर्क मारा आणि आठवड्याने दोन्हीकडचे घाटे उघडून बघा. पक्के बिल मागून घ्या, रिकामी बाटली हंगाम संपेपर्यंत मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर बॅच नंबर लागतो.