वाचकांचे प्रश्न : ‘वॉरंटी बाद झाली’ असे दुकानदार तोंडी सांगतो तेव्हा

प्रश्न : मी भाषांतराचे काम घरूनच करते. आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या माझ्या लॅपटॉपवर उत्पादक कंपनीची एक वर्षाची वॉरंटी आहे. तिसऱ्या महिन्यात मी त्यात रॅमची एक जादा पट्टी बसवली. ती कशी बसवावी याची सचित्र माहिती कंपनीच्याच पुस्तिकेत दिलेली होती. गेल्या महिन्यात पडदा मधूनमधून लुकलुकू लागला आणि एके दिवशी यंत्र सुरूच होईना. दुकानदाराने ते बारा दिवस ठेवून घेतले आणि ‘आत पाणी गेले आहे, शिवाय तुम्ही ते उघडले आहे, त्यामुळे वॉरंटी बाद झाली,’ असे तोंडी सांगून मदरबोर्ड बदलण्याचा खर्च मागितला. माझ्या माहितीप्रमाणे त्यावर पाणी कधीही सांडलेले नाही. कंपनीच्या सेवा केंद्रात विचारले, तर ‘ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याशी बोला’ असे उत्तर मिळाले. या नकाराविरुद्ध मी काय करू शकते?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘तोंडी’ हा आहे. दुकानातील माणूस काउंटरवरून जे बोलतो ते उद्या बदलता येते, नाकारता येते, किंवा ‘आम्ही तसे म्हटलेच नव्हते, फक्त शक्यता सांगितली होती,’ असे सौम्यही करता येते. म्हणून वॉरंटी लागू होते की होत नाही यावर दुकानात उभे राहून वाद घालण्यात आपण वेळ घालवू नये. बिघाड कोणत्या भागात आहे, तो कशामुळे झाला, हे कोणी आणि कसे तपासले, आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीनुसार नकार दिला जात आहे, एवढ्या चार गोष्टी लेखी मागाव्यात. माझा अनुभव असा, की नकार कागदावर उतरवण्याची वेळ आली की त्यातील निम्मा आवेश ओसरतो आणि पुष्कळदा ‘पुन्हा एकदा तपासून सांगतो’ असा निरोप येतो.

पत्र लांबलचक असण्याची गरज नाही. ‘दिनांक अमुक रोजी आपल्याकडे तपासणीसाठी दिलेला, अमुक अनुक्रमांकाचा लॅपटॉप वॉरंटीअंतर्गत दुरुस्त करण्यास आपण तोंडी नकार दिला आहे. बिघाड नेमक्या कोणत्या भागात आहे, तो कशामुळे झाला, हा निष्कर्ष कोणी व कोणत्या तपासणीवरून काढला आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीनुसार नकार दिला जात आहे, हे छायाचित्रांसह सात दिवसांत लेखी कळवावे. माझ्या लेखी संमतीशिवाय यंत्राची दुरुस्ती करू नये आणि त्याचा कोणताही भाग बदलू अथवा काढू नये,’ एवढा मजकूर पुरेसा आहे. सोबत बिलाची प्रत जोडावी. पत्र ईमेलने पाठवावे आणि त्याचीच छापील प्रत दुकानात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. हेच पत्र कंपनीच्या तक्रार विभागालाही त्याच दिवशी पाठवावे, म्हणजे दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही.

आता दुकानदाराने एकत्र गुंफलेली दोन कारणे वेगवेगळी करून पाहू. पाणी गेल्याचा आरोप बहुधा आतील एका लहानशा निर्देशक पट्टीवरून केला जातो. अनेक लॅपटॉपमध्ये मदरबोर्डजवळ किंवा कळफलकाखाली अशा पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि द्रवाचा स्पर्श झाला की त्या लाल किंवा गुलाबी होतात. हवेतील नेहमीच्या दमटपणाने त्यांचा रंग बदलू नये अशा रीतीने त्या बनवलेल्या असतात, त्यामुळे पट्टी लाल झाली असेल तर तो पुरावा आपण हसण्यावारी नेऊ नये. परंतु ती पट्टी फक्त एवढेच सांगते, की त्या जागी केव्हातरी द्रव पोहोचला होता. तो केव्हा पोहोचला, कोणाच्या ताब्यात असताना पोहोचला आणि मदरबोर्ड त्यामुळेच बंद पडला का, या प्रश्नांची उत्तरे तिच्यात नसतात. द्रवाने खरोखर नुकसान केले असेल तर जोडण्यांवर आणि लहान सुट्या भागांभोवती हिरवट किंवा पांढरट क्षार साचलेले दिसतात, धातूवर गंज दिसतो, कधी भाग काळवंडलेला असतो. म्हणून छायाचित्र मागताना नुसत्या पट्टीचे मागू नये. बिघडलेल्या भागाचे जवळून घेतलेले आणि त्यासोबत यंत्राचा अनुक्रमांक दिसेल असे दुसरे, अशी छायाचित्रे मागावीत. दुसऱ्याच कोणाच्या यंत्राचा फोटो दाखवला गेल्याचा संशय पुढे राहू नये, एवढाच त्याचा उद्देश.

बारा दिवस यंत्र दुकानाच्या ताब्यात होते, ही बाब आपल्या दृष्टीने मोलाची आहे. ते जमा करताना मिळालेली जॉबशीट शोधून काढावी. तिच्यात यंत्राच्या बाह्य स्थितीसाठी एक रकाना असतो. तेथे ‘ओरखडे नाहीत, द्रवाच्या खुणा नाहीत’ अशी किंवा काहीच नोंद नसेल, तर ‘पाणी आधीपासूनच होते’ हे म्हणणे दुकानदाराला सिद्ध करणे अवघड जाते. बाहेरून द्रवाची खूण न दिसणे शक्य असते, हे खरे. तरीही आपले यंत्र नेमके कोणत्या दिवशी उघडले आणि त्या वेळी काय दिसले, याची तारखेसह नोंद त्यांच्याकडे असायलाच हवी.

रॅमचा मुद्दा याहून सोपा आहे. ज्या कंपनीने आपल्या पुस्तिकेतच पट्टी बसवण्याची कृती छापली, तिच्या वतीने ‘उघडले म्हणून वॉरंटी बाद’ असे म्हणणे टिकणे कठीण आहे. पुस्तिकेचे ते पान पत्रासोबत जोडावे. याबाबतीत अमेरिकेतील १९७५ चा मॅग्नसन–मॉस वॉरंटी कायदा स्पष्ट आहे : विशिष्ट कंपनीचेच सुटे भाग किंवा विशिष्ट ठिकाणचीच सेवा वापरली पाहिजे, अशी अट वॉरंटीला सर्वसाधारणपणे जोडता येत नाही. ‘हे सील तुटल्यास वॉरंटी बाद’ असे स्टिकर लावणे आणि तत्सम अटी घालणे यावरून तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे पाठवली होती. मात्र बाहेरच्या भागामुळे किंवा चुकीच्या हाताळणीमुळेच नुकसान झाल्याचे दाखवता आले, तर तेवढ्या नुकसानीपुरती जबाबदारी नाकारता येते, हेही त्याच तत्त्वातून निघते आणि ते न्याय्यच आहे.

म्हणून प्रश्न पुन्हा कारणापाशी येतो. नवी पट्टी काढून ठेवून, मूळ रॅमवर यंत्र सुरू करून पाहिले का, असे लेखी विचारावे. नवी पट्टी चुकीच्या प्रकारची असती तर ती खाचेत बसलीच नसती किंवा त्रास बहुधा लगेच जाणवला असता. पाच महिने बिनतक्रार चाललेल्या पट्टीवर खापर फोडायचे असेल, तर त्याला काही आधार दाखवावा लागेल. असा आधार सापडू शकतो, हेही मी आपल्याला सांगून ठेवतो. रॅमच्या खाचेतील पिना वाकलेल्या असतील किंवा मदरबोर्डवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याचा ओरखडा असेल, तर आपली बाजू कमकुवत होईल. काही जण सल्ला देतात, की यंत्र देताना नवी पट्टी आधीच काढून टाकावी आणि त्याविषयी बोलूच नये. मला तो सल्ला मान्य नाही. यंत्रातील नोंदींतून जादा रॅम बसवली होती हे कळू शकते आणि एक गोष्ट लपवली गेल्याचे उघड झाले की आपल्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो. त्याच न्यायाने, आपल्या गैरहजेरीत घरातील कोणाकडून यंत्रावर पाणी सांडले होते का, हे पत्र पाठवण्यापूर्वी एकदा शांतपणे विचारून घ्यावे.

सेवा केंद्राने आपल्याला पुन्हा दुकानाकडे पाठवले, ही टोलवाटोलवी नेहमीचीच आहे आणि ती दोन वेगळ्या जबाबदाऱ्यांच्या सरमिसळीवर चालते. वॉरंटीचा कागद हे उत्पादकाने स्वतःहून दिलेले वचन असते. विकलेली वस्तू निर्दोष असली पाहिजे, ही विक्रेत्याची जबाबदारी विक्रीच्या व्यवहारातूनच उत्पन्न होते आणि ती वॉरंटीच्या कागदावर अवलंबून नसते. या दुसऱ्या जबाबदारीचे स्वरूप देशोदेशी वेगळे आहे. युरोपीय संघात विक्रेता वस्तूतील दोषाला किमान दोन वर्षे बांधील असतो आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष वस्तू हाती आली तेव्हाच त्यात होता असे धरले जाते. तसे नव्हते हे दाखवणे विक्रेत्याचे काम. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात हे गृहीतक सहा महिन्यांपुरतेच आहे, म्हणजे आपल्यासारख्या आठव्या महिन्यातील प्रकरणात दोष मुळातला असल्याचे ग्राहकालाच दाखवावे लागते. ऑस्ट्रेलियात ‘उत्पादकाकडे जा’ असे सांगून विक्रेत्याला अंग काढून घेता येत नाही. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही एकाच तक्रारीत प्रतिपक्ष करता येते. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आणि तक्रार तिचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगातही दाखल करता येते.

येथे आपल्या बाबतीत एक बारकावा आहे. आपण यंत्र व्यवसायासाठी वापरता. युरोपात आणि ब्रिटनमध्ये मुख्यतः धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत ग्राहक म्हणून मिळणारे हे संरक्षण हातचे जाऊ शकते. भारतीय कायदाही व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळतो. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळणुकीत धरत नाही. बिल आपल्या नावावर आहे की एखाद्या फर्मच्या नावावर, हे आधी पाहावे, कारण प्रतिपक्षाचा वकील पहिला आक्षेप तेथेच घेईल.

लेखी उत्तर आले नाही, किंवा आले आणि ते पटण्यासारखे नसले, तर यंत्र कोणाकडूनही दुरुस्त करून घेण्यापूर्वी एखाद्या तटस्थ तंत्रज्ञाकडून तपासून लेखी अहवाल घ्यावा. अहवालात ‘यंत्र बंद आहे’ एवढेच नसावे. द्रवाच्या खुणा आहेत किंवा नाहीत, रॅमच्या खाचेची स्थिती काय आहे, आणि बिघडलेला भाग कोणता, हे छायाचित्रांसह असावे. तंत्रज्ञ ते उघडणार असल्याची सूचना दुकानदाराला आधी देऊन त्याला हजर राहण्यास सांगावे. तो येणार नाहीच. पण सूचना दिल्याचा कागद आपल्याजवळ राहील. त्यानंतर पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस दोघांना पाठवावी आणि तिच्यात आपली मागणी एकच आणि नेमकी लिहावी : विनामूल्य दुरुस्ती, ती शक्य नसल्यास बदली यंत्र, तेही नसल्यास किमतीचा परतावा. रागाच्या भरात मनस्तापाची मोठी रक्कम पहिल्याच नोटिशीत मागितली, तर तडजोडीचा दरवाजा बंद होतो.

काम अडले असेल आणि आपल्याला पैसे देऊन दुरुस्ती करून घ्यावीच लागणार असेल, तर त्यानेही सगळे संपत नाही. पैसे देताना ‘माझे हक्क राखून, निष्कर्ष मान्य नसताना रक्कम भरत आहे’ असे पावतीच्या प्रतीवर लिहून सही करावी आणि काढलेला जुना मदरबोर्ड परत मागून घ्यावा. तो मदरबोर्ड हाच आपला पुरावा आहे. तो दुकानात राहिला की तटस्थ तपासणीला काही उरत नाही. यंत्र परत घेतानाही छापील कागदावर ‘दुकानाचा निष्कर्ष मान्य आहे’ अशा अर्थाची ओळ असेल, तर ती खोडून ‘फक्त यंत्र परत मिळाले’ असे लिहावे. साठवणुकीची ड्राइव्ह मदरबोर्डवरच कायमची, न काढता येण्याजोगी जोडलेली असेल तर मदरबोर्ड बदलताना तिच्यातील मजकूरही जाईल, तेव्हा भाषांतराच्या फायली वाचवण्याचा प्रश्न दुरुस्तीच्या आधी सोडवावा.

प्रश्न : मी दहा महिन्यांपूर्वी नवा संगणक घेतला. कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकला, तर वॉरंटी गेल्याच महिन्यात संपल्याचे दिसते. दुकानदार म्हणतो, संकेतस्थळावरील तारीख अंतिम. हे बरोबर आहे का?

उत्तर : वॉरंटीच्या कागदावर ‘खरेदीच्या दिनांकापासून’ असे लिहिलेले असेल, तर तारीख आपल्या बिलावरूनच ठरते. कंपन्या पुष्कळदा यंत्र कारखान्यातून किंवा गोदामातून बाहेर पडल्याचा दिवस तात्पुरता नोंदवून ठेवतात, आणि बिल दाखवल्यावर ती नोंद दुरुस्त करतात. त्यासाठी दुकानदाराची संमती लागत नाही. बिलाची प्रत थेट कंपनीला पाठवून तारीख बदलून घ्यावी. मात्र कंपनीच्या नोंदीत तो अनुक्रमांक आपल्या खरेदीपूर्वीच दुसऱ्या ग्राहकाच्या नावे नोंदलेला निघाला, तर विषय वॉरंटीपुरता राहत नाही. परत आलेला किंवा दुकानात मांडून ठेवलेला संगणक आपल्याला नवा म्हणून विकला गेला का, असा प्रश्न मग उभा राहतो, आणि तो दुकानदाराला लेखी विचारताना कंपनीच्या नोंदीची प्रत आधी हाती घेऊन ठेवावी.