सही मुलाची, स्टेंट वडिलांना

प्रश्न : छातीत दुखतं म्हणून वडिलांची अँजिओग्राफी ठरवून केली. ती चालू असतानाच डॉक्टर बाहेर आले, "तीन ब्लॉक आहेत, आत्ताच उरकून टाकू" म्हणाले आणि माझी सही घेऊन तिन्ही रक्तवाहिन्यांत स्टेंट घातले. वडील शुद्धीत होते, पण त्यांना कोणी विचारलंच नाही. दुसरे डॉक्टर म्हणतात, बायपासचाही विचार व्हायला हवा होता. दावा लावता येईल का?

उत्तर : लावता येईल, पण ‘एकदम तीन स्टेंट का घातले’ या मुद्द्यावर नको. एकाच वेळी अनेक रक्तवाहिन्यांत स्टेंट घालणं ही मान्य पद्धत आहे आणि दोन डॉक्टरांची मतं जुळत नाहीत एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तुमची बाजू भक्कम आहे ती संमतीच्या मुद्द्यावर.

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा (२००८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. तिथे रुग्ण भुलीखाली होती म्हणून आईची संमती घेतली गेली. तीही न्यायालयाने मानली नाही. तुमचे वडील तर जागे होते! जीव किंवा आरोग्य वाचवण्यासाठी थांबणं शक्यच नसेल, तर गोष्ट वेगळी. हार्ट अटॅक चालू असता तर हॉस्पिटलने तेच कारण पुढे केलं असतं.

खरी मेख दाखल होतानाच्या फॉर्ममध्ये असते. त्यावर ‘अँजिओग्राफी, गरज भासल्यास अँजिओप्लास्टी’ (म्हणजे स्टेंट वगैरे घालणं) असं छापलेलं असेल आणि खाली वडिलांची सही असेल, तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते. अशी एकत्र संमती चालते. मग बायपासचा पर्याय त्यांना समजावून सांगितला होता का, एवढाच वाद उरतो.

म्हणून आधी वडिलांच्या सहीने लेखी अर्ज देऊन कागदपत्रं मागा. ती ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अँजिओग्राफीची सीडी, कॅथलॅबच्या (जिथे अँजिओग्राफी झाली त्या खोलीच्या) नोंदी आणि दोन्ही संमतीपत्रं घ्या. तुमच्या सहीची वेळ पहिल्या स्टेंटच्या वेळेनंतरची निघाली, तर उलटतपासणीत फारसं विचारावं लागणार नाही.

तक्रार ग्राहक आयोगात, वडिलांच्याच नावाने, दोन वर्षांच्या आत करा. पोलिसांकडे जाण्यात अर्थ नाही. भरपाईची फार आशा मात्र धरू नका: वरच्या खटल्यात डॉक्टरांची फी बुडाली आणि २५,००० रुपये मिळाले, इतकंच. आणि दावा लावा वा न लावा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वडिलांनी रागाच्या भरात बंद करता कामा नयेत.