क्युबन सिगार इतर देशांच्या सिगारपेक्षा खरंच सरस असते का? (प्रश्न जळगावहून)

नाही, नुसती क्युबाची आहे म्हणून सिगार सरस ठरत नाही. चव मात्र वेगळी असते, आणि ती मातीची देणगी आहे. बामणोदच्या भरिताच्या वांग्याचं बी दुसरीकडे लावलं तर तीच चव उतरत नाही, हे आपल्या खान्देशात कुणाला सांगायला नको. क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो भागातल्या तंबाखूचंही तसंच. अस्सल क्युबन सिगारमध्ये आतला तंबाखू, त्याला बांधणारं पान आणि वरचं आवरण, तिन्ही क्युबाचीच. पण १९५९ च्या क्रांतीनंतर अनेक जाणते तंबाखूवाले देश सोडून डोमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरासला गेले. तिथे अनेक देशांची पानं मिसळता येतात, त्यामुळे चवीत विविधता खूप. दोन्हीकडच्या ओढून पाहिल्यावर माझं मत असं, की सिगार वळण्यातली एकसारखी सफाई निकाराग्वाच्या मालात जास्त मिळते. क्युबनभोवतीचं वलय बरंचसं १९६२ च्या अमेरिकी बंदीनं वाढवलंय. अट एकच: सिगार ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवलेली हवी. जळगावच्या मे महिन्यात उघडी राहिली, तर कुठलीही असो, कोरडी पडून तिखट लागते.